चौदा कामांची यादी

मला आमच्या एचेमचा राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई स्तुती करायला बसली आणि मध्येच घसरली.

एचेम म्हणजे हेडमास्टर. बेंगळुरात शाळेच्या मुख्याला पाटीवर प्रिन्सिपल लिहितात, पण तोंडात एचेमच येतं. आमचे एचेम आर. संताजी राव. 'आर' म्हणजे रघुजी, त्यांचे वडील. इकडे वडील असे नावाच्या आधी एका अक्षरात येऊन बसतात. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इकडचंच झालं, त्यामुळे सरांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. मी निपाणीची. गेली नऊ वर्षं या शाळेत गणित शिकवते.

शाळा चिकपेटच्या मागच्या गल्लीत आहे. मराठी मंडळींचा एक जुना ट्रस्ट ती चालवतो. ट्रस्टी म्हणजे साड्यांचे घाऊक व्यापारी. त्यांची स्वतःची नातवंडं व्हाइटफील्डकडच्या शाळांत एसी बसमधून जातात. आमच्याकडे येतात ती त्यांच्या दुकानांत गठ्ठे उचलणाऱ्यांची आणि साड्यांना फॉल लावणाऱ्या बायकांची मुलं.

आता सरांचा दिनक्रम ऐका. सकाळी आठला शाळेत. गेटसमोर रात्री कोणी टाकलेल्या पिशव्या उचलणार. मग टाकीत पाणी आलं का बघणार. नऊला घंटा देणार, स्वतः, लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडीने. जेवणाच्या सुट्टीत स्टीलचा जग घेऊन पंगतीत पाणी वाढणार. पहिलीतल्यांच्या बुटांच्या नाड्या बांधणार. नळ गळला की पाना घेऊन खाली बसणार. आणि रोज तिसऱ्या तासाला बाह्या दुमडून, ब्रश आणि बादली घेऊन, मुलांचे संडास धुणार. वय सत्तावन्न.

त्यांच्या खोलीत एक भलीमोठी सागवानी खुर्ची आहे. तिच्यावर सरांना बसलेलं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्यावर मुलांचे हरवलेले डबे, स्वेटर, छत्र्या आणि एक डाव्या पायाचा बूट असायचा. सर शेजारच्या स्टुलावर.

बघणारा विरघळून जायचा. पालक हात जोडायचे. नवीन टीचर पहिल्या आठवड्यात रडायच्याच. मीही रडले होते. दुसऱ्या वर्षापासून मात्र मला वेगळंच दिसायला लागलं. शिपाई निवृत्त झाला आणि ट्रस्टने दुसरा नेमलाच नाही, कारण घंटा तर सर देतातच. क्लार्क सोडून गेला, त्याची जागा तशीच राहिली, कारण दाखले सर लिहितातच. कन्नडच्या टीचर गेल्या, तर सर आठवीला कन्नड शिकवायला लागले. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. आमच्या ट्रस्टने फावडंच आणलं होतं. आणि सर खणून घेत होते, वर पुन्हा हसत होते.

मी एकदा म्हटलंही, "सर, तुम्ही एवढं करता म्हणून ते काही देत नाहीत."

"अक्का, स्वल्प सबुरी धर," सर म्हणाले. "आपण करत राहायचं. बघणाऱ्याला कधीतरी लाज वाटतेच."

चाळीस वर्षं साड्या विकलेल्या माणसाला लाज वाटेल ही आशा! मी कपाळाला हात लावला.

जागा भरलेली होती ती एकच, यल्लव्वाची. यल्लव्वा आमची आया. मुलं तिला आयम्मा म्हणतात. सौंदत्तीकडची, त्यामुळे माझ्याशी तिकडच्या मराठीत बोलायची. राहायला के. आर. पुरमला. पहाटेची गाडी पकडून स्टेशनवर उतरायची आणि तिथून चालत यायची. बावीस वर्षं. मुलगा-सून नाहीत, ते कुठे गेले हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नात वीणा आमच्याच शाळेत सातवीत, कर्मचाऱ्याची म्हणून बिनफीची. आयाची नोकरी हीच त्या घराची आणि वीणाच्या शाळेची एकमेव खुंटी होती.

यल्लव्वा वर्ग, जिने, अंगण झाडायची, लहानांना न्हाणीघरात न्यायची, उलटी झालेल्या पोराला धुवायची, आणि सातवी-आठवीच्या पोरींना जे आईला सांगता येत नाही ते हिला सांगता यायचं. संडासही तिचंच काम होतं. सरांनी ते एक दिवस तिच्या हातून घेतलं. "तुझे गुडघे दुखतात," म्हणाले. ती संकोचाने अर्धी झाली. मग सवय झाली. पुढे सर अधूनमधून अंगण आणि जिनेही झाडायला लागले.

हे असं चालू असताना जुलैमध्ये विराज उगवला.

विराज म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष रणवीरअण्णा यांचा पुतण्या. व्हाइटफील्डला एका कंपनीत लोकांना पुढारपण शिकवतो. ते शिकवावं लागतं आणि त्याची फी असते, हे मला तेव्हाच कळलं. तो शाळेत आला, सरांना ब्रशसकट पाहिलं, आणि त्याचे डोळे पाणावले.

"अंकल, धिस इज गोल्ड!" तो रणवीरअण्णांना म्हणाला. "याला सर्व्हंट लीडरशिप म्हणतात. आम्ही स्लाइडमध्ये दाखवतो, हे सर लिटरली करतायत!"

त्याने सरांचा संडास घासतानाचा व्हिडिओ काढला. तो महिन्याभरात इतक्या फोनांवर फिरला की माझ्या निपाणीच्या मावशीने मलाच पाठवला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लावून. मग विराजने एक फॉर्म पाठवला. ट्रस्ट सरांना 'सेवाव्रती मुख्याध्यापक' पुरस्कार देणार होता आणि शहरातले चाळीस एचेम तो सोहळा बघायला येणार होते. फॉर्ममध्ये एकच मोठा प्रश्न होता: आपण रोज स्वतःच्या हातांनी कोणकोणती कामं करता?

सरांना टायपिंग येत नाही. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. चौदा कामं झाली. सर आधी लाजत होते. मग म्हणाले, "लिही लिही. बाकीच्या एचेमनी वाचलं तर त्यातले दोघे तरी करतील."

इथे माझीही खोड लिहून ठेवते, कारण दुसऱ्यांवर ओरडायचं तर स्वतःला वगळून चालत नाही. सर नुसतं 'झाडतो' म्हणाले. मी लिहिलं, 'संपूर्ण शाळेची स्वच्छता अत्यंत निष्ठेने स्वहस्ते करतात, कोणाच्याही मदतीविना'. एवढी विशेषणं मी माझ्या लग्नाच्या बायोडेटातही घातली नव्हती. मला वाटलं, राग राग करते तर निदान बक्षीस तरी चांगलं मिळू दे. यल्लव्वा तेव्हा दाराशी पायपुसणं झटकत होती. तिचं नाव लिहायचं ना सरांना सुचलं, ना मला.

दसऱ्याच्या सुट्टीआधी दहा दिवस ट्रस्टकडून दोन पाकिटं आली. एक सरांना: पुरस्कार मंजूर. दुसरं यल्लव्वाला. ते मीच तिला वाचून दाखवलं. 'शाळेची स्वच्छता मुख्याध्यापक स्वतः करत असल्याचे त्यांच्या लेखी निवेदनावरून स्पष्ट झाल्याने आयाचे पद अनावश्यक ठरत आहे. येत्या शनिवारनंतर आपली सेवा समाप्त.' सोबत त्या फॉर्मची प्रत जोडलेली. चौथ्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. 'कोणाच्याही मदतीविना' ही माझीच ओळ होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात आमचा होता आणि अवलक्षण तिच्या कपाळी आलं.

सर तडक रणवीरअण्णांच्या दुकानात गेले. मीही मागोमाग गेले. अण्णा गादीवर बसून कुणाला तरी कांजीवरम दाखवत होते. सरांचं ऐकून घेतलं आणि प्रेमाने हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी आहे.

"अरे संताजी, तूच तर दाखवलास रे! आयाशिवाय शाळा चालते हे आम्हाला काय माहीत होतं?" मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "हे आमचे एचेम. देवमाणूस. संडास स्वतः धुतात."

गिऱ्हाईक बाईंनी नमस्कार केला. आमच्या देवमाणसानेही परत नमस्कार केला आणि बाहेर आला. मला त्या क्षणी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. एका शब्दाने ओरडले नाहीत. परतताना म्हणाले, "सरी, बरं. काहीतरी करू."

काहीतरी म्हणजे काय, ते शनिवारी कळलं. यल्लव्वाचा शेवटचा दिवस. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, मुलं गेली. सर नेहमीप्रमाणे संडासात, हातात ब्रश. यल्लव्वा दारात निरोप घ्यायला आली होती. सर म्हणाले, "यल्लव्वा, काळजी करू नको. तू परत येईपर्यंत तुझं सगळं काम मी सांभाळतो."

बावीस वर्षांत यल्लव्वाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला.

"काय सांभाळतासा? संडास सांभाळतासा का मला?" ती म्हणाली. "कोण सांगितलं होतं तुमाला माझं काम करायला? मी सांगितलं? माझे गुडघे दुखत होते तर औषध द्यायचं, दुसरी बाई मागून घ्यायची. माझा झाडू कशाला घेतलासा?"

सर उभे राहिले. ब्रशमधून पाणी त्यांच्या पँटवर गळत होतं.

"सगळी म्हणायची, किती चांगला माणूस. मीबी म्हणत होते. आता कळलं की ओ. तुमी पुण्यासाठी झाडू धरला, मी पोटासाठी. तुमचं पुण्य वाढलं, माझं पोट गेलं. माझी वीणा कुठं जाऊ दे आता?"

सरांनी ब्रश पुढे केला, जणू तो परत दिला की झालं. यल्लव्वाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि गेली.

सर खोलीत येऊन स्टुलावर बसले. मी समोर उभी. मग ते बोलायला लागले.

"अक्का, माझे वडील याच शाळेत शिपाई होते. रघुजी. तीस वर्षं या दाराबाहेर उभे राहिले. आत खुर्चीत एचेम असायचे. घंटी वाजवली की वडिलांनी पळत यायचं, खाली पडलेलं पेन उचलून द्यायचं आणि परत बाहेर. मी तेव्हा चौथीत होतो, मी बघितलंय. मी एचेम झालो त्या दिवशी ठरवलं, या खुर्चीत बसायचं नाही. माझ्यासाठी कुणी वाकायचं नाही, मीच वाकायचं."

दुसरं कोणी असतं तर डोळे पुसले असते. माझं डोकं आणखी तापलं. निपाणीची तंबाखू आणि निपाणीची जीभ, दोन्ही कडकच.

"मग बरं झालं सर," मी म्हटलं, "की तेव्हा तुमच्यासारखा एचेम नव्हता. तो स्वतःचं पेन स्वतः उचलणारा असता, घंटा स्वतः देणारा असता, तर ट्रस्टने तुमच्या वडिलांना घरी बसवलं असतं. आणि तुम्ही आज चिकपेटमध्ये गठ्ठे उचलत असता."

बोलून गेले आणि माझीच जीभ जड झाली. सर उठले, खुर्चीवरचे डबे, छत्र्या, स्वेटर एकेक करून खाली ठेवले. तो डावा बूटही. पण बसले नाहीत. खुर्ची नुसती रिकामी करून ठेवली.

रविवारी ते के. आर. पुरमला यल्लव्वाच्या घरी गेले. मला सोबत नेलं. तिने दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. राग होता, पण रीत सोडली नाही. सर म्हणाले, "गुरुवारी आयुधपूजा आहे. तुझा झाडू पूजेला ठेवतोय. तू ये."

आयुधपूजेचं सांगायला हवं. सरांच्या घरी तिला खंडेनवमी म्हणतात, शाळेत आयुधपूजा. दसऱ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं सरस्वतीपुढे मांडतात: खडू, डस्टर, प्रयोगशाळेतला तराजू, घंटेची हातोडी, शाळेचा शिक्का आणि यल्लव्वाचा झाडू. हळदकुंकू, झेंडूची फुलं, मग चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद. आमच्या शाळेचा एक जुना नियम आहे: पूजेला लागलेलं हत्यार ज्याचं त्यानेच उचलायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. दरवर्षी सगळ्यात आधी यल्लव्वा उचलायची, कारण तीनशे पोरांनी हॉलभर चुरमुरे सांडलेले असायचे.

"येईन," यल्लव्वा म्हणाली. "पण कागद हातात पडल्याबिगर झाडूला हात लावणार नाही. सांगून ठेवते."

"लावू नको," सर म्हणाले. "मीही लावणार नाही."

आणि खरंच लावला नाही. सोमवारी सरांनी ट्रस्टला पत्र लिहिलं की यादी चुकीची आहे, आया हवी. दुकानातून निरोप आला, कार्यक्रमानंतर बघू. सोमवारी संडास धुतला गेला नाही. मंगळवारी नाही. मुलांसाठी सरांनी स्टाफचे दोन्ही संडास उघडून दिले आणि रोज मुलांची रांग लावली. आम्ही टीचर समोरच्या हॉटेलात जायला लागलो. स्टाफरूममध्ये कुरकुर सुरू झाली. एचेमना पुरस्काराची हवा लागली, असं एकजण म्हणाली. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर मात्र वाळत चालले होते. कागदाचा बोळा दिसला की हात पुढे जायचा, मग मुठीत आवळून मागे यायचा. न करण्याने माणूस इतका दमलेला मी पाहिला नव्हता.

गुरुवारी हॉल भरला. चाळीस एचेम, ट्रस्टी, मुलं. मंचावर हार घातलेली सरस्वती आणि पुढे हत्यारं. कोपऱ्यात इस्त्रीची साडी नेसून यल्लव्वा, तिला चिकटून वीणा. झाडूला कुंकू लावलेलं, मुठीला झेंडू. त्याच्या शेजारी या वर्षी एक नवीन वस्तू होती, सरांचं पेन. सर आजवर पूजेला स्वतःचं काहीच ठेवत नसत. आणि आणखी एक नवल: मंचाच्या मधोमध ती सागवानी खुर्ची आणली होती आणि सर तिच्यावर बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखे.

पूजा झाली. प्रसाद वाटला. बघता बघता जमिनीवर चुरमुरेच चुरमुरे, पाहुण्यांच्या बुटांखाली कराकरा वाजायला लागले. पाहुण्यांना पाणी कोणी दिलं नाही. ते नेहमी सर देत. एक जाडजूड एचेम संडास कुठे म्हणून विचारत गेले आणि नाकाला रुमाल लावून धावत परत आले. आनंद झाला मला. अगदी खरा आनंद.

विराज कॅमेरा घेऊन पुढे आला. "सर, आता तुम्ही झाडू उचला आणि हे सगळं स्वीप करा, मग अंकल अवॉर्ड देतील. वन शॉट."

"तो पूजेत आहे," सर बसूनच म्हणाले. "ज्याचा आहे तो उचलेल."

"संताजी," रणवीरअण्णा दातांमधून म्हणाले, "उठ. तमाशा नको."

सर उठले, पण माइकपाशी गेले. खिशातून तो फॉर्म काढला आणि चौदाच्या चौदा कामं वाचून दाखवली. कन्नडमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून. आवाज थरथरत होता. मला वाटलं भीतीने. मग कळलं, रागाने. सरांना राग येतो हे मला नऊ वर्षांनी समजलं.

"ही चौदा कामं मी केली," ते म्हणाले. "पंधरावं केलं नाही. या शाळेला शिपाई पाहिजे, क्लार्क पाहिजे, आया पाहिजे, हे ट्रस्टला ठणकावून सांगायचं काम फक्त माझं होतं. ते मला जड वाटलं. झाडू हलका वाटला, म्हणून मी झाडू उचलला. त्यामुळे बावीस वर्षं इथे राबलेली बाई रस्त्यावर आली. मला कसला पुरस्कार देताय?"

मग चौथ्या रांगेतून एक बाई उठल्या. नीरजा मॅडम, के. आर. पुरमच्या एका शाळेच्या एचेम, मला नंतर नाव कळलं.

"मी आज यांना शिव्या घालायला आले होते," त्या म्हणाल्या. "यांचा व्हिडिओ दाखवून माझ्या मॅनेजमेंटने ऑगस्टमध्ये माझी आया काढली. म्हणाले, ते सर धुतात, तुम्हाला काय झालं? दोन महिने झाले, मी धुते. माझा कोणी व्हिडिओ काढला नाही." मग रणवीरअण्णांकडे बोट केलं. "या आयम्माला परत घेणार की नाही? एवढंच सांगा. आम्ही ऐकायला बसलोय."

आणि बसल्या. बाकीचे एकोणचाळीसही बसून राहिले. त्यातल्या निम्म्यांच्या हातांनाही नीरजा मॅडमसारखाच फिनेलचा वास येत असणार. अण्णांनी विराजकडे बघितलं. विराज कॅमेरा बंद करायचं विसरला होता.

"घेऊ," अण्णा म्हणाले. "घेऊ म्हटलं ना. सुट्टीनंतर बघू."

सर सरस्वतीपुढे गेले, वाकून आपलं पेन उचललं. ज्याचं हत्यार त्याने उचललं. खुर्चीत बसून, मांडीवर वही ठेवून चार ओळी लिहिल्या आणि वही अण्णांपुढे धरली. बराच वेळ धरली. मी मोजत नव्हते, पण पुढच्या रांगेतलं एक पोर दोनदा शिंकलं. अण्णांनी सही केली.

यल्लव्वाने कागद घेतला आणि वीणाच्या हातात दिला. "वाच. मोठ्यांदा वाच." वीणाने वाचला. यल्लव्वाने तो घडी करून कमरेच्या पिशवीत घातला, मंचावर गेली, झाडूला नमस्कार केला, उचलला, आणि रणवीरअण्णांना म्हणाली, "पाय वर घ्या की."

अण्णांनी पाय वर घेतले.

पुरस्कार अर्थातच कुणालाच मिळाला नाही. सुट्टी संपली तेव्हा सरांच्या टेबलावर ट्रस्टची नोटीस होती: पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा. खुलाशाचं पुढे करू, म्हणून सरांनी ती बाजूला ठेवली आणि मला बोलावलं. खुर्चीत बसले होते. अजून अवघडल्यासारखे, पण बसले होते.

"अक्का, टाइप कर. शिपायाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. शिपाई नेमावा. तोपर्यंत घंटा मी देणार नाही."

मी टाइप केलं. या वेळी एकही विशेषण घातलं नाही. घड्याळात नऊ वाजले, नऊ वाजून पाच झाले. घंटा वाजली नाही. पोरं अंगणात बावरून उभी. सर हातोडीकडे बघत होते, त्यांच्या वडिलांच्या हातोडीकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर न चिडता बाहेर गेले आणि पोरांना हाताने वर्गात बोलावलं.

थोड्या वेळाने सर पत्र घेऊन ट्रस्टकडे निघाले. जिन्याजवळ चॉकलेटचा कागद पडला होता. सवयीने वाकले, उचलला. वरच्या पायरीवरून यल्लव्वा ओरडली, "सर! ठेवा ते खाली!"

सरांनी तो कागद होता तिथे परत ठेवला आणि ट्रस्टशी भांडायला गेले.